जूनचे सभासद

पुण्यात जून महिना लागला, की वह्या-दप्तरांच्या आणि छत्र्या-रेनकोटांच्या खरेदीबरोबर आणखी एक लगबग सुरू होते. ती फक्त सेवाभावी क्लबांतल्या लोकांना ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय संघटनांशी जोडलेल्या बहुतेक क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. साहजिकच जूनमध्ये मावळत्या अध्यक्षांना सभासदसंख्येचे उद्दिष्ट गाठायचे असते आणि नव्या अध्यक्षांना पदग्रहण समारंभात व्यासपीठावर नव्या सभासदांची भरघोस रांग उभी करायची असते. मग शेजारचे डॉक्टर, मुलीचे सासरे, सोसायटीचे सेक्रेटरी, नेहमीचे विमा एजंट, थोडक्यात ज्यांना तोंडावर 'नको' म्हणणे जमत नाही असे सगळे पकडले जातात. त्यांच्या कोटाला क्लबाची पिन लागते, हातात गुलाबाचे फूल येते, फोटो निघतो. गणपतीपर्यंत त्यांतले बरेच जण येतात, दिवाळीनंतर एखाददुसरा दिसतो, आणि मार्चमध्ये खजिनदार थकलेल्या वर्गण्यांची यादी वाचतात तेव्हा ही नावे पुन्हा एकदा कानावर पडतात. आमच्याकडे अशांना 'जूनचे सभासद' म्हणतात, आणि म्हणताना कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

माझा क्लब कोणत्या संघटनेचा, हे इथे सांगण्याचे कारण नाही. कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठल्याही क्लबात गेलात, तरी चहाच्या कपाबरोबर दोन वाक्ये मिळतातच. 'हल्ली नवे लोक येत नाहीत' हे पहिले आणि 'आले तरी टिकत नाहीत' हे दुसरे. पहिले वाक्य मला कधीच पटलेले नाही. दुसरे खरे आहे, आणि त्याचे कारण मला नव्या लोकांत सापडत नाही, क्लबाच्या मांडणीत सापडते. प्रत्येक क्लबात सभासदवाढीची एक समिती असते आणि प्रकल्पांची दुसरी. एक समिती माणसे आणते, दुसरी कामे ठरवते, आणि दोघींचे प्रमुख एकमेकांना भेटतात ते संचालक मंडळाच्या बैठकीत, तेही आपापला आकडा सांगण्यापुरते. आणलेल्या माणसाला ठरलेल्या कामात उभे राहायची जागा दाखवली जाते, आणि ती जागा बहुधा नावनोंदणीच्या टेबलामागे असते. माझ्या मते ही दोन कामे वेगळी नाहीतच. नवे काम नसेल, तर नव्या माणसाने क्लबात राहायचे कशासाठी? आणि नव्या माणसाला ठरवण्यात घेतले नाही, तर नवे काम येणार कुठून?

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले तत्त्वज्ञान नाही. सेवाभावी क्लब नावाच्या गोष्टीची सुरुवातच अशी झालेली आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाणअभियंता आणि एक शिंपी अशा तिघांना घेऊन जी बैठक भरवली, तिच्यात समाजसेवेचा विषय नव्हता. अनोळखी महानगरात चार माणसांची ओळख असावी आणि ओळखीतून एकमेकांना धंदा मिळावा, एवढाच हेतू होता. एका व्यवसायाचा एकच सभासद, हा नियमही त्यासाठीच होता. दोन शिंपी असते, तर गिऱ्हाईक कोणाचे, हा प्रश्न आला असता. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला सभासद होण्याचे निमंत्रण गेले. त्याने उद्देश वाचले आणि नकार दिला. केवळ आपल्याच सभासदांचे भले पाहणाऱ्या क्लबाला भवितव्य नाही, शहरासाठीही काही करायला हवे, असे त्याचे म्हणणे होते. त्याची समजूत घालण्याऐवजी क्लबाने उद्देशांतच शहराच्या हिताचे कलम घातले आणि कार्टर सभासद झाला. १९०७ मध्ये या क्लबाने हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम होते शिकागोच्या नगरभवनाजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे, यासाठीच्या खटपटीचे. आज जगभर पसरलेल्या रोटरीच्या सेवाकार्याचे मूळ अशा रीतीने एका होऊ घातलेल्या सभासदाच्या नकारात आहे, आणि त्यातून निघालेले पहिले काम संडास-मुतारीचे आहे, याचा मला फार आनंद होतो. पदग्रहणाच्या भाषणांत मात्र हा प्रसंग मी कधी ऐकलेला नाही.

लायन्सचेही तसेच. मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये ही संघटना उभी राहिली. पण आज आपण तिचे नाव घेताच जी नेत्रशिबिरे आठवतात, ती दिशा दिली अंध आणि बधिर लेखिका हेलन केलर यांनी. ३० जून १९२५ रोजी ओहायोतल्या सीडर पॉइंट इथे भरलेल्या अधिवेशनात त्यांनी उपस्थितांना अंधांसाठी लढणारे योद्धे होण्याचे आवाहन केले. बाहेरच्या व्यक्तीने येऊन काम सांगितले आणि संघटनेने ते आपले मानले. त्याही अधिवेशनात पुढच्या वर्षाचे पदाधिकारी, अहवाल, सत्कार हे सगळे झाले असणारच; आज कोणाला त्यांतले काय आठवते?

आणि पुण्याला तर हे शिकागोकडून शिकण्याचीही गरज नाही. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेच्या मुळाशी पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीची नाराजी होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी नुसती नावे गोळा केली नाहीत. सभेचा प्रतिनिधी व्हायचे, तर लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सभासद येतानाच आपल्यामागच्या लोकांची गाऱ्हाणी घेऊन येत असे. रोटरीची पहिली बैठक झाली त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, गोखल्यांनी इथे भारत सेवक समाज स्थापला, आणि त्यांनी तर उलटाच मार्ग धरला: थोडे लोक घ्यायचे, पण त्यांना शपथ द्यायची आणि पाच वर्षे शिक्षण द्यायचे. आमच्याकडे नव्या सभासदाचे शिक्षण म्हणजे एका रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी दाखवलेल्या स्लाइड्स. अर्थात पुण्याच्या संस्थांचा दुसरा गुणही विसरून चालणार नाही. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या बाजूकडे गेल्यावर रानडे-गोखल्यांच्या बाजूने १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. मतभेद झाला, की नवी संस्था, ही आपली जुनी सवय आहे. आमच्या भागातले दोन क्लब मूळचे एकच होते, हे सांगायला नको.

'तरुणांना वेळ नसतो' या लाडक्या समजुतीबद्दल थोडे बोलायला हवे. ज्यांना असे वाटते, त्यांनी गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत कुठल्याही संध्याकाळी नदीपात्राच्या रस्त्याने एक फेरी मारावी. ढोल-ताशा पथकांचे सराव चाललेले असतात. हिंजवडीहून वाहतुकीत दीड तास घालवून थेट सरावाला आलेला मुलगा, कॉलेज संपवून आलेली मुलगी, क्लास बुडवून आलेले बहाद्दर असे सगळे जण जड ढोल कमरेला बांधून पावसाच्या भुरभुरीत तासन् तास वाजवत असतात. त्यांना मानधन नाही, कोटाला पिन नाही, शिस्त मात्र लष्करी. मी एकदा एका पथकाच्या सरावाला मुद्दाम थांबून पाहिले. नवख्या मुलांच्या रांगेसमोर त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असलेली मुलगी उभी होती. टिपरू कसे धरायचे, हे ती दोनदा सांगत होती; तिसऱ्यांदा ती फक्त समोरच्याच्या मनगटाकडे पाहत होती. आल्याच्या पहिल्या आठवड्यात ढोल कमरेला लागतो, चुकला तर सगळ्यांना ऐकू जाते, आणि दोन वर्षांनी शिकवायची पाळी येते. पथकांच्या आवाजाबद्दल माझ्याही तक्रारी आहेत आणि विसर्जनाच्या रात्री मी खिडक्या लावून बसते. पण माणसे कशी टिकतात, हे पाहायचे असेल, तर पंचतारांकित हॉटेलातल्या सभासदवाढीच्या चर्चासत्रापेक्षा नदीपात्रात अधिक शिकायला मिळते. आमच्याकडे आलेल्या तरुण माणसाला पहिली दोन वर्षे स्वागत, आभार आणि फोटो यांपलीकडे काही मिळत नाही, आणि मग आम्ही म्हणतो की त्याला वेळ नव्हता.

आमच्या क्लबात या बाबतीत थोडा बदल झाला तो मुळशी तालुक्यातल्या एका शाळेमुळे. काही वर्षांपूर्वी एका अध्यक्षांच्या कारकिर्दीत तिथे पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र बसवले होते. फीत कापली, मुलांनी स्वागतगीत म्हटले, बुलेटिनच्या पहिल्या पानावर रंगीत फोटो आला. नंतरच्या अध्यक्षांनी दुसऱ्या शाळा निवडल्या, कारण यंत्र बसवलेली शाळा आता 'झालेली' होती. पुढे एका वर्षी आम्ही पुन्हा त्या परिसरात दप्तरे वाटायला गेलो असताना, आमच्यात नुकताच आलेला एक मुलगा, चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करणारा, गर्दीतून बाजूला होऊन त्या यंत्रापाशी गेला. झाकण काढून त्याने आत पाहिले आणि मला हाक मारली. "काकू, हे बघा." गाळणीची पांढरी कांडी चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झाली होती, नळी एका जागी तारेने आवळलेली होती, आणि आमच्या क्लबाचे नाव लिहिलेली पितळी पाटी मात्र कोणी तरी रोज पुसत असल्यासारखी चकचकीत होती. मुख्याध्यापिका बाई भिडस्त होत्या. दप्तरांबद्दल आभार मानून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सर, नवीन मशीन नका देऊ. याचंच मेम्ब्रेन बदलून मिळालं तर बघा ना. आम्हाला त्यासाठी कुठल्या खात्यातून पैसे घालता येत नाहीत."

परतीच्या बसमध्ये त्या मुलाने एका वहीत तालुक्यातल्या आमच्या शाळांची नावे लिहून काढली. आम्ही आजवर कुठे काय काय बसवले, याची एकत्र यादी क्लबाकडे नव्हती. प्रत्येक माजी अध्यक्षांच्या घरी आपापल्या वर्षाची फाइल होती. पुढचे काही महिने त्याने आणि आणखी दोघा-तिघांनी शनिवार धरून त्या शाळा पालथ्या घातल्या. पाण्याची यंत्रे, सॅनिटरी नॅपकिनची मशीन, बॅटऱ्या गेलेले सौर दिवे, पासवर्ड कोणालाच माहीत नसलेले ई-लर्निंगचे संच. काय चालू आहे, काय दुरुस्त होईल, काय भंगारात द्यावे, असे तीन रकाने त्यांनी केले. संचालक मंडळापुढे हा कागद आला तेव्हा खोलीत जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते; कारण तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक वस्तूचा जनक त्या खोलीत बसलेला होता. एक माजी अध्यक्ष म्हणाले, की देखभालीला कोण देणगी देणार, देणगीदाराला पाटी लागते. हे खरेच आहे. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, असा कायदा २०१४ पासून लागू झाला, त्यानंतर पुण्याच्या आसपासच्या शाळांत नव्या वस्तूंचा पूर आला, आणि जुन्या वस्तूंचा वाली कोणी उरला नाही. त्या मुलाचे उत्तर साधे होते. त्याच्या कारखान्यात यंत्र घेतानाच त्याच्या देखभालीचा वार्षिक करार करतात. क्लबाने तसे करावे, आणि देणगीदाराची पाटी लावायची, तर तिच्यावर पुढच्या तपासणीची तारीखही लिहावी. ठराव मंजूर झाला. आज त्या 'दुरुस्ती गटा'त येणाऱ्या लोकांपैकी काही जण क्लबाचे सभासदही नाहीत. त्यातला एक प्लंबर आहे. वर्गणी परवडत नाही, म्हणून तो सभासद झालेला नाही, आणि हा आमचा अजून न सुटलेला प्रश्न आहे. त्याकडे पुढे येते.

रक्तदान शिबिराची गोष्ट थोडक्यात सांगते. आमचे शिबिर क्लबाच्या वर्धापनदिनी होत असे. एका पाक्षिक बैठकीत, पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका नव्या सभासद मुलीने विचारले, की ही तारीख कोणी ठरवली. तारीख अर्थातच क्लबाच्या स्थापनेच्या सनदेने ठरवली होती. तिने रक्तपेढीला फोन केला. राष्ट्रीय सण, नेत्यांचे वाढदिवस, वर्धापनदिन अशा ठरावीक दिवशी रक्ताचा पूर येतो. तुटवडा असतो तो मे महिन्यात, कॉलेजे बंद आणि निम्मे शहर गावाला गेलेले असते तेव्हा, आणि दिवाळीच्या सुट्टीत. लाल पेशी शीतगृहात फार तर पाच-सहा आठवडे टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस; त्यामुळे जानेवारीतल्या विक्रमी बाटल्या मे महिन्यातल्या रुग्णाच्या कामी येत नाहीत. आता शिबिर मेच्या पहिल्या पंधरवड्यात, संध्याकाळी, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये होते आणि पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यू वाढला, की बोलावल्याबरोबर येणाऱ्या दात्यांची यादी वेगळी ठेवलेली असते. पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांचे अंतर लागते, हे धरून ती यादी फिरती ठेवावी लागते, आणि ते काम चिकाटीचे आहे. जमा होणाऱ्या पिशव्यांची संख्या घटली, जिल्हा पातळीवरचे बक्षीस गेले. बक्षिसाचे दुःख मानणारे अजून आहेत. यादीवरच्या दात्यांपैकी काही जण मात्र आपणहून विचारत विचारत क्लबात आले, आणि ते जूनमध्ये आले नाहीत.

एक वर्षाच्या अध्यक्षपदाने क्लबाचे जेवढे नुकसान होते, तेवढे दुसऱ्या कशाने होत नसेल. दर वर्षी घोषवाक्य नवे, बॅनर नवा, टायचा रंग नवा, आणि मागच्यांचे काम पुढे नेले तर ते 'आपले' कसे, ही अडचण. पालखीच्या वेळी ही गंमत उघडी पडते. पालख्या तिथीने चालतात आणि क्लब तारखेने. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात येते, मग ती तारीख कधी जूनच्या मध्यावर पडते, कधी शेवटाला. २०२४ साली दोन्ही पालख्या पुण्यात आल्या त्या ३० जूनला, आणि १ जुलैला त्यांचा मुक्काम होता. म्हणजे वारकऱ्यांचे स्वागत करायचे मावळत्या अध्यक्षांनी आणि मुक्कामातली सेवा नव्या अध्यक्षांनी. अहवालात हा प्रकल्प कोणाच्या वर्षात धरायचा, यावर आमच्याकडे जो खल झाला, त्यात ज्ञानोबा-तुकोबांचे नाव फारसे आले नाही.

सुदैवाने त्याआधीच्या दिवाळीत एक शहाणपणाचा निर्णय झालेला होता, तो असा, की पालखी, शाळादुरुस्ती आणि रक्तदान या तीन कामांचे प्रमुख तीन वर्षांसाठी नेमायचे. अध्यक्ष बदलला तरी ते बदलणार नाहीत, आणि त्यांच्या खर्चाची तरतूद आधीच झालेली असेल. पालखीचे काम एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे होते. आम्ही वर्षानुवर्षे बिस्किटे आणि केळी वाटत आलो. तिने पहिल्या वर्षी काहीच वाटले नाही. नाना पेठेतल्या ज्या शाळेत एक दिंडी उतरत असे, तिथे ती वही घेऊन बसून राहिली. दिंडीतल्या एका आजोबांनी तिला सांगितले, "माउली, बिस्किटं पिशवीत मावंनात. चपलेचा अंगठा तुटलाय, तो शिवणारा कोणी आणा." त्यानंतर आमच्या केंद्रावर चपला शिवणारे कारागीर बसतात, त्यांची दोन दिवसांची मजुरी क्लब देतो. मोबाइल चार्जिंगसाठी लांबलचक लाकडी फळीवर पंचवीसेक प्लग पॉइंट असतात आणि फोनची अदलाबदल होऊ नये म्हणून दोरा बांधलेले जोडक्रमांक. बायकांसाठी आडोशाची न्हाणीघरे ही सगळ्यात जास्त वापरली जाणारी सोय. आणि पायांना तेल लावणे. आमच्यातले एक नामांकित कर सल्लागार, जे व्यासपीठावर खुर्ची कोणत्या रांगेत आहे याबद्दल फार हळवे आहेत, ते एका वर्षी सकाळपासून दुपारपर्यंत पाटावर बसून लोकांच्या भेगाळलेल्या टाचांना खोबरेल चोळत होते. फोड आलेल्या पायाला हात कसा लावायचा, हे ती मुलगी त्यांना दाखवत होती. तेलकट हातांनी चहाचा पेला धरता येईना, तेव्हा एका वारकरी बाईने तो त्यांच्या तोंडाला लावला.

जुन्या सभासदांना बाजूला सारा, असे मी म्हणत असल्याचा समज कोणी करून घेऊ नये. मी स्वतः जुनी आहे, आणि शिवाय नव्यांच्या अंगात जी घाई असते तिचा मला कंटाळाही येतो. त्यांना वाटते, की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरले म्हणजे झाले. क्लबाच्या सेवा-न्यासाचे विश्वस्त बदलले, की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हे आमच्या सत्तरी ओलांडलेल्या लेखापाल सभासदांना माहीत होते, म्हणून आमचे बँक खाते गोठले नाही. ओळखीच्या एका संस्थेचे अशाच कारणाने गोठले, आणि मुलींच्या वसतिगृहाचे बांधकाम त्यात अडकले. क्षेत्रीय कार्यालयात कोणत्या टेबलावर परवानगीचा कागद अडतो, शाळेच्या आवारात मांडव घालायचा तर कोणाचे पत्र लागते, देणगीची पावती कशी असावी, हे ज्ञान लिहून ठेवलेले नसते. विरजणाला जुने दही लागतेच. मात्र ते चमचाभर लागते, आणि आमच्या संचालक मंडळात पातेलेभर होते.

मी क्लबात आले ती आधी एका सभासदाची पत्नी म्हणून. आम्हा बायकांना तेव्हा वेगळे लाडके नाव होते, सहलींत आणि हळदीकुंकवात मानाचे स्थान होते, मत नव्हते. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये जगभरातल्या स्त्रियांना सभासदत्व खुले केले. तेही रोटरीच्या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्यानंतर. पुण्यातल्या क्लबांत हे पोहोचायला आणखी वेळ लागला. बँकेत शाखा सांभाळत असूनही क्लबात मी नवऱ्याच्या पिनवर येत होते. स्वतःच्या नावाने अर्ज केला, तेव्हा एका ज्येष्ठांनी काळजीने विचारले होते, की दोघांची वर्गणी कशाला भरता. त्यामुळे दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कशा प्रकारचे प्रश्न विचारले जातात, याचा मला अनुभव आहे, आणि त्या प्लंबरचा प्रश्न मला म्हणूनच सोडून देववत नाही. आमच्या वर्गणीचा मोठा भाग हॉटेलातल्या जेवणाचा असतो. आम्ही जेवण वेगळे काढले: बैठक एका शाळेच्या हॉलमध्ये, चहा आणि बटाटेवडा, जेवायचे तो आपले पैसे भरून जेवेल. वर्गणी बरीच खाली आली, तरी आंतरराष्ट्रीय संघटनेचा वाटा द्यावाच लागतो आणि तो रोजंदारीवर जगणाऱ्याला जास्तच आहे. त्याला फुकट सभासद करावे, असे काहींचे म्हणणे; त्याला ते रुचणार नाही, हे माझे म्हणणे. तो स्वतः म्हणतो, की काम करायला पिन कशाला लागते. पण मतदान पिन असलेल्यांचेच होते, आणि कोणत्या शाळेत आधी जायचे, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळते.

आता क्लबातल्या तरुणांनी एक ठराव आणला आहे: पाक्षिक बैठका बंद कराव्यात, महिन्यातून एकदा कामाच्या ठिकाणीच सगळ्यांनी भेटावे आणि बाकीचे फोनवर ठरवावे. त्यांचा युक्तिवाद असा, की माणसे कामासाठी टिकतात, हे तुम्हीच सांगता, मग वक्ता, प्रास्ताविक आणि आभार यांत दोन तास कशाला? मी या ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. रक्तदानाच्या तारखेचा प्रश्न बैठकीतच विचारला गेला, चहा पिता पिता, आणि तोही अशा मुलीकडून जिला त्या शिबिरात काही काम दिलेले नव्हते. कामाच्या ठिकाणी जो तो आपापल्या हातातल्या कामात असतो. हे काम करावे की नाही, असे तिथे कोणी विचारत नाही, आणि विचारू नयेही. शिवाय गुडघे धरून बसलेले आमचे काही जण मुळशीला येऊ शकत नाहीत, पण चेंज रिपोर्टची आठवण तेच करून देतात. तरीही मतांचा हिशेब मी लावून पाहिला आहे आणि ठराव बहुधा मंजूर होईल; दोन माजी अध्यक्षही तिकडे गेले आहेत, त्यातले एक ते कर सल्लागार. तो मंजूर झालाच, तर पहिली बैठक मुळशीच्या त्या शाळेत घ्यावी आणि प्लंबरलाही तिचे निमंत्रण द्यावे, अशी उपसूचना मी लिहून ठेवली आहे. पाटीवरची तपासणीची तारीख तशीही पुढच्या महिन्यातलीच आहे.